दोन साष्टींचे लुगडे

'साष्टी' हे नाव आपल्या पश्चिम किनाऱ्यावर दोन ठिकाणी नांदते. एक साष्टी मुंबईच्या उत्तरेस, वांद्र्यापासून भाईंदरपर्यंत आणि पूर्वेकडे ठाण्याच्या खाडीपर्यंत पसरलेले बेट; दुसरी गोव्यातील, मडगाव आणि राशोल यांना पोटाशी धरून बसलेली. सहासष्ट गावांचा समूह म्हणून दोन्ही ठिकाणी हे नाव पडले असे सांगतात. राशोलच्या साष्टीत 1616 साली फादर स्टीफन्सचे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले. ठाण्याच्या साष्टीत त्याआधी जवळजवळ तीनशे वर्षे, 1321 साली, चार फ्रान्सिस्कन संन्याशांनी हौतात्म्य पत्करले. या दोन्ही गोष्टी आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवतो. परंतु दोन्ही साष्टींना जोडणारा आणखी एक धागा आहे आणि तो अक्षरशः धागा आहे. दोन्हीकडच्या कष्टकरी ख्रिस्ती स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या तांबड्या रंगाचे, चौकडीचे, सुती लुगडे नेसत आल्या. त्या लुगड्याविषयी मात्र आपल्या वर्गात, प्रवचनात किंवा या पृष्ठांवर फारसे बोलले गेलेले नाही.

कविता, कादंबरी, नाटक, फार तर चित्रकला, येथवर आमची समीक्षा पोचते. कापड हा समीक्षेचा विषय होऊ शकतो, हे आपल्याला सहसा सुचत नाही. कापड म्हणजे बाजारातली वस्तू, पारखायची ती भावाने. पण ज्या वस्तूत रंगाची निवड आहे, रेषांचे प्रमाण आहे, आणि जी पाहून पाहणाऱ्याच्या मनात आदर किंवा तुच्छता उमटते, ती वस्तू कलाकृतीप्रमाणे वाचता आलीच पाहिजे. पुण्याच्या धर्मग्रामांत गोव्याची, वसईची, मुंबईच्या गावठाणांतली, मंगळूरची आणि नगरकडची कुटुंबे शेजारी शेजारी राहतात. प्रत्येकीच्या पेटीत आजीचे एखादे वस्त्र असेल. ते कसे वाचावे, आणि गेल्या शंभर वर्षांत ज्यांनी ते वाचण्याचा प्रयत्न केला त्यांचे काय साधले व काय निसटले, हे येथे पाहावयाचे आहे.

प्रथम कापडच हाती घेऊ. गोव्यात गावडा व कुणबी स्त्रिया जे 'कापड' नेसत ते तांबड्या आणि पांढऱ्या धाग्यांच्या चौकडीचे. ते आखूड, गुडघ्यापर्यंतच, घट्ट लपेटलेले असे आणि त्याचे टोक खांद्याशी गाठ मारून बांधलेले असे. चिखलात वाकून भाताची लावणी करणाऱ्या बाईचे दोन्ही हात मोकळे राहावेत, पदर सावरत बसावे लागू नये, एवढा साधा त्यामागचा विचार. साष्टी बेटावरील आणि खाडीपलीकडच्या वसईतील ख्रिस्ती स्त्रियांचे लुगडे याहून लांब, कासोटा घालून नेसलेले. परंतु रंगाची ओढ तीच आणि कष्टाला मोकळीक देण्याची युक्तीही तीच. ज्या मातीत ही माणसे राबली ती जांभ्याची तांबडी माती. तिचा डाग पांढऱ्या वस्त्रावर जन्मभर राहील, तांबड्या चौकडीत तो हरवून जातो. उपयोग आणि सौंदर्य येथे दोन निराळ्या गोष्टी नाहीत.

चौकडी ही विणकामातील सर्वांत सोपी नक्षी समजली जाते. कोष्टी किंवा साळी घरातल्या पोराला माग शिकवताना पैठणीचा मोर कोणी आधी शिकवत नाही. तरीही जरा बारकाईने पाहावे. उभा ताणा काही तांबड्या, काही पांढऱ्या धाग्यांचा; आडवा बाणाही तसाच. तांबड्यावर तांबडा आला की भरीव तांबडा चौकोन, पांढऱ्यावर पांढरा आला की निर्मळ पांढरा, आणि तांबड्यावर पांढरा किंवा पांढऱ्यावर तांबडा आला की दोहोंच्या मधला, पाहणाऱ्याच्या डोळ्यातच तयार होणारा तिसरा रंग. रंगाऱ्याने भांड्यात कालवलेले रंग दोनच; तिसरा मागावर जन्माला येतो. शिवाय उलट-सुलट बाजू एकसारखी. अशा कापडाला पाठ नसते, दोन्हीकडून तोंडच. छापील चौकडीत यांतले काहीच नाही. तेथे रंग पृष्ठावर थापलेला असतो, उलटे केले की फिकटपणा उघडा पडतो. आपल्या वाचकभगिनींनी दुकानात एवढे एकच करावे, कापड उलटे करून पाहावे. समीक्षेचे पहिले कार्य तेथेच पार पडते.

रंगाचीही गोष्ट आहे. आपल्या देशात सुती कापडावर पक्का तांबडा रंग चढवणे ही अवघड विद्या होती. कापसाचा धागा तांबडा रंग सहजासहजी धरत नाही. तुरटीसारख्या पदार्थाने आधी त्याला तयार करावे लागते. रंग मिळे तो आलाच्या किंवा मंजिष्ठेच्या मुळांतून. 1869 साली जर्मनीत आणि इंग्लंडात तोच तांबडा रंगद्रव्याचा अंश प्रयोगशाळेत बनवण्याची रीत सापडली. 1897 पासून कृत्रिम नीळही बाजारात आली. त्यानंतर मुळे उकळत बसणाऱ्या रंगाऱ्याचा धंदा कसा टिकणार? याच सुमारास मुंबईच्या गिरण्यांची चिमणी धूर ओकू लागली होती. पहिली सूतगिरणी 1850 च्या दशकात ताडदेवला उभी राहिली. साष्टी बेट तिच्या अगदी उंबरठ्यावर. बेटावरील लुगडे हातमागावरून गिरणीवर गेले ते कोणाच्या फसवणुकीने नव्हे. स्वस्त, टिकाऊ आणि रुंद कापड गरिबाच्या घरी आले म्हणून. हे मान्य करूनच पुढे गेले पाहिजे. हातमागाचे गोडवे गाताना गिरणीच्या कापडाने किती उघड्या अंगांना झाकले हे विसरणे कृतघ्नपणाचे होईल.

ठाणे हे मात्र कापडाचे अतिशय जुने ठिकाण. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने ठाण्याहून परदेशी जाणाऱ्या मालात सुती कापडाचा उल्लेख केला आहे. म्हणजे ज्या बंदरात चार संन्यासी उतरले ते विणकरांचे बंदर होते. हौतात्म्याचा रंग धर्मसभेत तांबडा. त्याच ठाण्याच्या बेटावर पुढे शतकानुशतके तांबडे लुगडे लग्नाला, सणाला, शेतावर नेसले गेले. या दोन तांबड्या रंगांत कार्यकारणाचा संबंध आम्ही जोडत नाही. पण आपल्या लोकांना तांबडा रंग परका कधी वाटला नाही एवढे खरे. गोमंतकीय घरांत लग्नाआधी 'साडो' कातरण्याचा विधी होतो, शिंपी नवरीचे तांबडे कापड कातरतो आणि फटाके उडतात. मंगळूरच्या कुटुंबांत वराकडून येणारी तांबडी साडी 'साडो' या नावानेच ओळखली जाते. पांढऱ्या झग्याची चाल राणी व्हिक्टोरियाच्या 1840 सालच्या विवाहानंतर जगभर फोफावली. ती आपल्या धर्माची आज्ञा नाही, दीडशे-पावणेदोनशे वर्षांची एक फॅशन आहे. वेदीपाशी पांढरा झगा आणि घरी येताच तांबडी साडी, ही तडजोड आपल्या आज्यांनी काढली. पोशाखाच्या इतिहासात याहून शहाणी तडजोड क्वचितच सापडेल.

येथे एका कटू गोष्टीला वळसा घालून चालणार नाही. गोव्यातील धर्मन्यायपीठाने 1736 साली एक जाहीरनामा काढला. त्यात ख्रिस्ती झालेल्या देशी लोकांच्या अनेक चालीरीतींवर बंदी होती. लग्नातली गाणी होती, तुळशीचे झाड होते, मिठाशिवाय शिजवलेला भात होता. पुरुषांचे धोतर आणि स्त्रियांची चोळीही होती. तीन वर्षांनी, 1739 मध्ये, मराठ्यांनी वसई घेतली आणि साष्टी बेटावरील पोर्तुगीज सत्ता संपली. गोव्यात ती 1961 पर्यंत राहिली. वस्त्राकडे संशयाने पाहण्याची सवय तेव्हाच लागली. आपल्या धर्मसभेच्या अधिकाराने माणसाच्या अंगावरच्या कापडात देव शोधण्याऐवजी पाखंड शोधले, हे आज स्पष्ट शब्दांत म्हटले पाहिजे. आणि त्याच्या शेजारीच दुसरे सत्य मांडले पाहिजे. जाहीरनामा निघाला तरी शेतात लावणी करणाऱ्या गावडा बाईचे लुगडे सुटले नाही. हुकूम वाड्यात पोचला, बांधावर पोचला नाही. वरच्या जातींतील ख्रिस्ती कुटुंबांनी मात्र आपला वेश बदलला. मांडो नाचताना त्या घरच्या स्त्रिया 'पानो-बाजू' नेसत. पानो म्हणजे पोर्तुगीज भाषेत कापड. बाजू हा शब्द मलाया-इंडोनेशियाच्या भाषेत सदऱ्याला वापरतात. म्हणजे जे वस्त्र आपण शंभर टक्के गोमंतकीय म्हणून मिरवतो त्यात मलाक्काच्या समुद्राचे पाणी आहे. ते सुंदर आहे. सोनेरी कशिदा, खांद्यावरचा तुवाळो, हातातला पंखा. परंतु ते फुरसतीच्या स्त्रीचे वस्त्र आहे. लुगडे कष्टाच्या स्त्रीचे. एकाच चर्चमध्ये दोघी गुडघे टेकत, आणि कापडावरूनच कोणी पुढे बसावे, कोणी मागे, हे ठरत असे. काही गावांत कोंफ्रारियेच्या झग्याचा रंगही जातीप्रमाणे वेगळा असे. ही वस्त्रे वाचताना जात वाचायची टाळली, तर वाचन खोटे होईल.

अशा वस्त्राला प्रथम देवघराची प्रतिष्ठा दिली ती एका चित्रकाराने, आणि तो चित्रकार आपल्या पुण्याचा होता. आंजेलो दा फोन्सेका यांचा जन्म 1902 साली तिसवाडीतील सांत इस्तेव्ह या बेटावर झाला. तिसवाडीला पोर्तुगीज 'इल्याश', म्हणजे बेटे, असेच म्हणत. बंगालमध्ये अवनींद्रनाथ टागोर आणि नंदलाल बोस यांच्या परंपरेत त्यांचा हात तयार झाला. गोव्यात परतून त्यांनी पवित्र मरियेला साडी नेसवली, तेव्हा तेथील भाविकांना आणि धर्मगुरूंना ती सोसली नाही. फोन्सेका पुण्यास आले आणि शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून त्यांनी आपले काम केले. 1967 साली त्यांचे निधन झाले. हा आश्रम जॅक विन्स्लो यांनी 1927 साली स्थापन केलेला, अँग्लिकन परंपरेतला. तेथील बंधू खादी नेसत. एका कॅथोलिक चित्रकाराच्या साडीतील मरियेला आसरा द्यावा तो दुसऱ्या पंथाच्या आश्रमाने, ही गोष्ट आपल्याला अंतर्मुख करणारी आहे. मुंबईच्या झेवियर महाविद्यालयाचे फादर हेन्री हेरास यांच्यासारखे थोडे त्यांच्या पाठीशी उभे राहिले, हेही नमूद केले पाहिजे. आज त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह गोव्यात पर्वरी येथील झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आहे.

फोन्सेकांच्या चित्रांतील वस्त्र कसे आहे? जलरंगाचा पातळ हात एकावर एक चढवून मऊ, मातकट रंग साधण्याची बंगाली रीत त्यांनी घेतली. त्यांची मरिया अनवाणी आहे, डोक्यावर पदर आहे, बसण्याची ढब आपल्या अंगणातली आहे. त्यांचे लक्ष विणीपेक्षा नेसणीकडे अधिक आहे. कापड शरीराभोवती कसे फिरते, मूल मांडीवर घेताना पदर कोठून कोठे येतो, हे त्यांना ठाऊक होते. म्हणूनच ती साडी परकी वाटत नाही, नाटकातली वाटत नाही. युरोपीय चित्रात निळ्या झग्याला जे स्थान आहे ते त्यांनी आपल्या वस्त्राला दिले. मात्र त्यांच्या चित्रांची एक मर्यादाही दिसते. त्यांतील शांतता काही वेळा इतकी निवांत आहे की तिच्यात घाम नाही. बाईचे कापड आहे, पण तिच्या कंबरेला खोचलेला कोयता नाही. शेतातल्या गावडा बाईने ते चित्र पाहिले असते तर 'ही आपल्यातली' असे तिला वाटले असते का, की 'ही भाटकाराच्या घरची' असे? आम्हाला वाटते, काही चित्रांत पहिले, काहींत दुसरे. तरी न्याय करायचा तर काळ पाहावा लागेल. धर्मसभेने कोणतीही एकच कलाशैली स्वतःची म्हणून मानलेली नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीच्या दस्तऐवजात सांगितले ते 1963 साली. फोन्सेका तीस वर्षे आधी तेच ब्रशाने सांगत होते.

दुसरा वाचक वेगळ्या जगातला. वेंडेल रॉड्रिग्ज, कोलवाळचे गोमंतकीय ख्रिस्ती, वेशभूषाकार. 2010 च्या सुमारास त्यांनी कुणबी कापड पुन्हा विणवून घेतले आणि दिल्ली-मुंबईच्या झगमगत्या मंचावर नेले. आखूड लुगडे घोट्यापर्यंत लांबवले, चौकडी राखून रंगांची निवड वाढवली. 2012 साली 'मोडा गोवा' हे गोव्याच्या वेशाचा इतिहास मांडणारे त्यांचे सचित्र इंग्रजी पुस्तक निघाले. 2014 साली त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्या कोलवाळच्या जुन्या घरात वेशभूषेचे संग्रहालय उभारण्यासाठी ते अखेरपर्यंत झटले. 12 फेब्रुवारी 2020 रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या कामाचे पहिले श्रेय निर्विवाद आहे. ज्या कापडाला गोव्यातच 'कुणब्याचे' म्हणून नाक मुरडले जाई, ते सुशिक्षित घरांतल्या बायका दाम मोजून मागू लागल्या. एका माणसाने एका शब्दाची चव बदलली, हे लहान काम नव्हे. पुस्तकही तसेच मोलाचे. देवळातल्या मूर्तीपासून कोंफ्रारियेच्या झग्यापर्यंत सगळे गोमंतकीय वस्त्र एकाच इतिहासाचे आहे, ही दृष्टी सामान्य वाचकापर्यंत त्यांनी नेली.

पण समीक्षकाचे काम टाळ्यांपाशी संपत नाही. लुगडे घोट्यापर्यंत लांबवले की ते शेतातून बाहेर पडते. खांद्यावरची गाठ सोडून पदर मोकळा सोडला की हात पुन्हा गुंतले. जी गोष्ट त्या वस्त्राचा आत्मा होती, म्हणजे राबणाऱ्या देहाची मोकळीक, तीच नव्या रूपात अलंकार झाली. याला आमचा आक्षेप नाही. वस्त्र बदलते म्हणूनच जगते, आणि शहरातल्या बाईने गुडघ्यापर्यंतचे लुगडे नेसावे असा हट्ट धरणे हास्यास्पद ठरेल. आक्षेप आहे तो या बदलाला 'पुनरुज्जीवन' हा एकच शब्द वापरण्याला. कापड पुन्हा विणले गेले. ते नेसणारी बाई पुन्हा सन्मानाने पाहिली गेली का? गावडा, कुणबी व वेळीप समाजांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला तो 2003 साली, आणि तो मंचावरच्या टाळ्यांनी नव्हे, त्यांच्या स्वतःच्या मागणीने. इंग्रजीतील मोठ्या आकाराचे पुस्तक त्या घरांत पोचत नाही. त्यातील ज्ञान मराठीत, कोंकणीत, साध्या कागदावर यायला हवे होते. फोन्सेकांनी नेसणाऱ्या स्त्रीला उंच नेले आणि कापडाची वीण दुय्यम ठेवली. रॉड्रिग्जांनी वीण उंच नेली आणि नेसणारी बदलली. दोघांचे काम एकत्र ठेवल्यावरच पूर्ण चित्र दिसते.

आता तिसरे वाचन, आपले स्वतःचे. धर्मग्रामाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात 'कुणबी नृत्य' किंवा 'आगरी-कोळी नृत्य' हमखास असते. मुलींना चौकडीचे लुगडे नेसवतात. ते बहुधा कृत्रिम धाग्याचे, छापील, भाड्याने आणलेले असते. ढोल वाजतो, प्रेक्षागृह हसते. हे हसणे नेहमी आनंदाचे असते असे नाही. तोंडाला काजळ फासून, टोपली डोक्यावर घेऊन, अडाणी बाईची नक्कल करीत एखादी मुलगी मंचावर येते, तेव्हा मागच्या बाकावर बसलेल्या आजीला काय वाटत असेल? त्या आजीने याच लुगड्यात मासळी विकून मुलांना शिकवलेले असते. पुण्यात आल्यावर सुनेच्या इच्छेखातर तिने ते पेटीत ठेवलेले असते. फॅन्सी ड्रेसमध्ये पेशवा, डॉक्टर, परी यांच्या रांगेत 'कोळीण' उभी केली, की एका जित्या समाजाचा वेश हा सोंगाचा कपडा होतो. कोणाच्याही मनात दुष्टावा नसतो. पण कलाकृती म्हणून पाहिले तर हे तिन्ही वाचनांतले सर्वांत दरिद्री वाचन आहे. यात ना वीण उरते, ना नेसणारी.

यावर एक सबळ प्रतिवाद आहे आणि तो अनेक मातांच्या तोंडून आम्ही ऐकला आहे. 'फादर, तुम्हाला लुगड्याचे कौतुक सोपे आहे. आम्हाला ते नेसून शाळेत जाताना मुली हसत. आईने ते टाकले तेव्हा तिने सुटकेचा श्वास सोडला. आता पुन्हा ते आमच्या अंगावर का लादता?' हा प्रश्न खरा आहे. ज्याला नेसण्यावाचून गत्यंतर नाही त्याचे वस्त्र परंपरा नव्हे, सक्ती असते. 1736 साली चोळी नको म्हणून सांगितले गेले. आज लुगडे हवेच म्हणून सांगणे ही त्याच मनोवृत्तीची दुसरी बाजू ठरेल. सलवार नेसावी, झगा घालावा, जीन्स घालावी. अंगावर काय घालावे याचा निर्णय त्या त्या बाईचा. आमचे म्हणणे इतकेच की टाकलेल्या वस्त्राची लाज बाळगू नये, आणि ज्या कोणी ते टाकले नाही तिच्याकडे खाली पाहू नये. लुगडे टिकावे की नाही हा प्रश्न दुसरा. लुगड्यातली बाई वेदीजवळच्या पहिल्या बाकावर निःसंकोच बसू शकते की नाही, हा पहिला.

हे शक्य आहे का? जगात एका बेटावर तरी ते झालेले दिसते. इंडोनेशियातील फ्लोरेस हे बहुसंख्य कॅथोलिकांचे बेट. तेथेही आधी पोर्तुगीज आले, 1859 च्या तहाने बेट डचांकडे गेले. तेथील स्त्रिया घरच्या मागावर जे वस्त्र विणतात त्याची रीत आपल्या पाटणच्या पटोळ्याशी नाते सांगणारी आहे. धागे विणण्याआधीच जागोजाग घट्ट बांधतात, मग रंगात बुडवतात. बांधलेला भाग कोरा राहतो, आणि नक्षी मागावर चढण्यापूर्वीच सुतात लपलेली असते. तेथील भाषेत या रीतीचे नावच 'बांधणे' असे आहे, इकात. गुजरातेतील रेशमी पटोळे व्यापाऱ्यांबरोबर शतकांपूर्वी त्या बेटांवर गेले, मानाची वस्तू म्हणून जपले गेले आणि त्यांच्या नक्ष्या स्थानिक सुती वस्त्रांत उतरल्या. निळा रंग निळीचा. तांबडा रंग ज्या झाडाच्या मुळांचा, ते आपल्या आलाच्या कुळातलेच. म्हणजे आपल्या किनाऱ्यावर विसरली गेलेली मुळे तेथे अजून उकळली जातात. आणि महत्त्वाचे हे, की ते वस्त्र तेथे रविवारी चर्चमध्ये नेसले जाते, आणि त्याच कापडाचे झगे घालून धर्मगुरू मिस्सा अर्पण करतात. कष्टाचे, विवाहाचे, अंत्यविधीचे आणि वेदीचे वस्त्र तेथे एकाच मागावरून येते. फ्लोरेसचे लोक काही आपल्याहून अधिक भाविक किंवा अधिक कलावंत आहेत असे नाही. त्यांच्या बेटाशेजारी मुंबई नव्हती, हेही कारण आहेच. तरी एक गोष्ट त्यांच्याकडून शिकावी. त्यांनी वस्त्र मंचावर चढवण्याआधी वेदीवर चढवले.

येथे बोट आमच्याकडेच, धर्मगुरूंकडे वळते. मातांना आजीच्या लुगड्याची आठवण करून देणारे आम्ही स्वतः कोणते वस्त्र घालून वेदीसमोर उभे राहतो? यंत्रावर भरतकाम केलेले, कृत्रिम धाग्याचे, चकाकणारे झगे. उन्हाळ्यात त्यांतून वारा जात नाही आणि त्यांच्याकडे पाहून कोणाला आपल्या गावाची आठवण होत नाही. निर्गमाच्या ग्रंथात निवासमंडपासाठी हाताने सूत कातणाऱ्या स्त्रियांची आणि विणकराच्या कसबाची नोंद आदराने घेतलेली आहे. देवाच्या घरचे कापड कोणी विणले हे तेथे सांगण्यासारखे वाटले. आपल्या वेदीवरचे कापड कोणी विणले हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? देशात 2019-20 च्या हातमाग गणनेप्रमाणे पस्तीस लाखांहून अधिक विणकर आणि त्यांचे साहाय्यक आहेत, आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत. हातमागासाठी काही वाण राखून ठेवणारा कायदा 1985 साली झाला. पण ग्राहकच यंत्रमागाची नक्कल मागू लागला तर कायदा एकटा काय करणार?

तेव्हा या लेखाचा निष्कर्ष एखाद्या घोषणेत न ठेवता काही साध्या गोष्टींत ठेवतो. स्नेहसंमेलनात लुगड्याचे नृत्य जरूर व्हावे. परंतु ते बसवण्याआधी मुलींनी आपल्याच धर्मग्रामातील एखाद्या आजीकडून नेसण शिकून घ्यावी, आणि त्या आजीला पहिल्या रांगेत बसवावे. नक्कल करून हसवणारे प्रवेश गाळावेत. ज्यांच्या घरी जुने लुगडे, साडो किंवा पानो-बाजू असेल त्यांनी ते कोणाचे, कोठे घेतले, कोणत्या प्रसंगी नेसले, हे एका कागदावर लिहून त्या वस्त्राबरोबरच ठेवावे. दमट हवेत सूत टिकत नाही, निदान आठवण टिकेल. फोन्सेकांची चित्रे धर्मशिक्षणाच्या वर्गात दाखवावीत. ज्या पुण्याने त्यांना घर दिले त्या पुण्यातील मुलांनी त्यांचे नाव न ऐकता मोठे होणे बरे नाही. आणि धर्मग्रामाच्या पुढच्या हिशेबात, वेदीवस्त्राच्या खर्चाच्या खान्यात, हातमागाच्या दहा मीटर चौकडीच्या कापडाची नोंद असावी. सल्लागार मंडळाच्या सभासदांना आमची विनंती, की ते विकत घेताना उलटे करून पाहावे, आणि विणकराचे नाव विचारून तेही हिशेबाच्या वहीत लिहावे.